गाठींमागचा ड्रम

सर्वप्रथम क्षमा मागतो. साठी उलटेपर्यंत प्रश्नपत्रिकांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. इथल्या सराईत लेखकांमध्ये शिरताना संकोच वाटतो. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता... आजही आहे, असे म्हणवत नाही.

आमचा एक रॉक बँड होता — ‘ब्लॅक सॉइल’. आपण नाव ऐकले नसेल. उमरखेडबाहेर फारसे कोणीच ऐकले नाही. अनिल गिटार घेऊन गायचा, मी कॅसिओवर, आणि ड्रमवर जवळच्या बंजारा तांड्यावरचा प्रकाश. माझे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात व्यवस्थापक, म्हणून सरावाला तिथले गोदाम मिळे. कापसाच्या गाठी छताला टेकलेल्या असत आणि त्या आवाज पिऊन टाकीत. शेजारी तक्रार करीत नसत.

आमची एकुलती कॅसेट आम्ही तिथेच भरली. माइक एकच. ड्रममध्ये गाणे बुडू नये, म्हणून प्रकाशला गाठींच्या भिंतीमागे बसवले.

“पक्या, तिकडंच बस. तुयी आदळआपट माया आवाज खाऊन राह्यली,” अनिल म्हणाला.

“लपवा मले! तुयं गाणं आयकून लोक मारायले आले, तं मी तरी वाचीन,” गाठींमागून उत्तर आले.

कॅसेटवर ड्रम उतरलाच नाही. दूर कोणी गादी झोडपावी, तशी धपधप तेवढी.

पुढे कापसाची वाईट वर्षे आली. लग्नांतले कार्यक्रम आटले, बँड मोडला. मग जिनिंगही बंद पडले, गोदाम रिकामे झाले. प्रकाश शेतीकडे वळला. कपाशीवर फवारणी करताना त्याला विषबाधा झाली... दवाखान्यातून तो परतला नाही.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याची आई दारात उभी राहिली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मीही त्यांना याडीच म्हणतो.

“मास्तर, पोराचा फोटो हाये मायापाशी. पण मले आता दिसत नाही नीट, फोटोचं काय करू? त्याचं वाजवणं आयकव एकडाव.”

“याडी, कॅसेटमध्ये त्याचं काही ऐकू येत नाही हो.”

“लाव तं खरं. माय हाये मी त्याची.”

मी लावली. अनिलचा आवाज, माझे चुकलेले सूर — सारे कापसात गुंडाळल्यासारखे कोरडे. आणि मग ड्रम सुरू झाला. स्वच्छ. काठ्या एकमेकींवर आपटल्याचासुद्धा आवाज आला. याडी गुडघ्यावर बोटांनी ताल धरीत होत्या. मी मात्र टेपजवळ वाकलो. कारण तो ड्रम घुमत होता... पत्र्याच्या मोठ्या, रिकाम्या गोदामात घुमावा तसा. आम्ही कॅसेट भरली तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि रिकाम्या गोदामात प्रकाशने कधीच वाजवले नाही.

“येवढा जोरात वाजवून राह्यला,” याडी डोळे पुसत म्हणाल्या, “अन् तू म्हणतं आयकू येत नाही!”

त्या गेल्यावर कॅसेट पुन्हा लावली. तीच दूरची धपधप. अनिलला बोलावून ऐकवली, टेपरेकॉर्डर बदलून पाहिला, हेड पुसले — धपधपच. मला याचा उलगडा आजवर झालेला नाही.

याडींची नजर आता पुरती गेली आहे. दिवाळीला त्या पुन्हा येणार आहेत. “पोराले आयकाले येतो” असा निरोप आहे. आपण माझ्या जागी असता, तर कॅसेट लावली असती, की तुटली म्हणून सांगितले असते?