पाहुण्यांची बस आणि माझा साडभाऊ

माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरकडे जाण्याचं दुखणं नव्हे, साडभाऊ समोर आला की दुखतं ते. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा तो माझा साडू, आमच्या विदर्भाकडचे लोक साडभाऊ म्हणतात, मी त्याला आणि तोही मला. शब्दात भाऊ आहे, पण लग्नापासून आजपर्यंत मला तो भाऊ कधी वाटला नाही. जुनवानीला सासऱ्यांच्या घरी मटण शिजलं की चांगली नळी त्याच्या ताटात जाते आणि मला म्हणतात, तुमचे दात आता कुठे राहिले. दात माझे सगळे आहेत. मी कुणाला दाखवत बसत नाही, इतकंच.

मी इथल्या पोलादाच्या प्लांटात शिफ्टच्या बसगाड्या लावायचो. सकाळची, दुपारची, रात्रीची, कुठली बस कुठल्या सेक्टरमधून किती वाजता निघेल, हे सगळं माझ्या डोक्यात असे. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, बस कुणासाठी थांबत नाही. दुसरी, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो आला, त्यानं हातातलं काम हातात घेतलं, की आपली सुट्टी. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून इथं प्लांटात खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागले. एकदा त्यांचा रिलीव्हर आला नाही, तर ते दोन पाळ्या सलग उभे राहिले. घरी आले तेव्हा पाय सुजले होते आणि चेहऱ्यावर असा रुबाब, जसं काही कुस्ती मारून आले. मी तेव्हा लहान होतो, पण तो रुबाब माझ्या डोक्यात बसला.

रिटायर झालो आणि घरी बसलो. कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, कुठं तरी जा. त्याच सुमारास कुरुदच्या पुढे एक मोठं पार्क उघडलं. पाण्याच्या घसरगुंड्या, उंच पाळणे, मागे तळं आणि तळ्याकाठी मुक्कामाची कॉटेजेस. गाड्या लावायचं मैदान गेटपासून इतकं लांब की लेकरं कडेवर घेऊन चालणं शक्य नाही. म्हणून तीन बस, पाच-सहा बॅटरीच्या गाड्या आणि लेकरांसाठी रुळांवरची एक छोटी झुकझुक गाडी. हे सगळं चालवायला पार्कच्या मालकांना, सेठजींना, माणूस हवा होता. मी लागलो आणि बरोब्बर दोन महिने सुखात होतो.

मग साडभाऊ आला. तो नागपूरला हॉटेलात होता, ते सोडून बायकोसकट इकडे आला आणि सेठजींनी त्याला पाहुण्यांच्या खात्यात घेतलं. त्याला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर पितळी पट्टी. मला खाकी. मी वयानं मोठा, पार्कात जुना, पण आम्ही दोघं गेटवर उभे असलो की येणारे लोक साहेब त्याला म्हणत आणि गाडी कुठं लावू हे मला विचारत.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा सेठजींनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की सीझन संपला की गाड्यांचं आणि पाहुण्यांचं खातं एक करायचं आणि वर एकच माणूस ठेवायचा. त्या दिवसापासून मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, झोपेत हवी होती. साडभाऊनं माझ्या हाताखाली काम करावं आणि ती बातमी जुनवानीला जेवणाच्या पंगतीत कुणीतरी सांगावी, एवढं एकच सुख मला या वयात पाहिजे होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

मी टाइमटेबल बसवलं. दर वीस मिनिटांनी बस, काटा आला की निघायचं. ड्रायव्हर माझेच जुने, त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्याच रविवारी राजनांदगावचं एक मोठं कुटुंब आलं. सगळे चढले, मागे राहिली आजी. तिचा एक पाय पायरीवर, एका हातात डब्याची पिशवी. काटा आला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि गाडी काढली. आजी खाली, कुटुंब वर. पुढच्या वळणावर आतल्या लोकांनी इतका आरडाओरडा केला, की बस उलटी आणावी लागली. आजीची एक चप्पल पायरीवरच राहिली होती, तेवढी मात्र वेळेवर गेली.

तक्रार सेठजींपर्यंत पोचली. मी म्हणालो, प्लांटात कधी कुणासाठी बस थांबली होती का? साडभाऊ बाजूलाच उभा होता. त्यानं आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही, त्याचाही मला राग येतो.

"प्लांटात लोक कामाले जात, साडभाऊ," तो म्हणाला. "हे खेळाले आले आहेत. घड्याळ घरी ठेवून आले."

मग त्यानं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. एकही बस वाढवली नाही. थांब्यांवर हिरवी जाळी बांधली, बाकडी टाकली, पाण्याचे माठ ठेवले. ओल्या कपड्यांतली लेकरं बसतील म्हणून सीटांवर तरटं घातली. म्हाताऱ्या माणसांना पहिले चढवायचं ठरवलं. आणि थांब्यावर एक पाटी टांगली. निघणाऱ्या ड्रायव्हरनं पुढची बस किती वाजता ते तिच्यावर खडूनं लिहायचं. एवढंच. आठवड्यात तक्रारी थांबल्या. मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं, लोक पहिल्याइतकेच ताटकळत होते, पण आता बाकड्यावर बसून, पाणी पिऊन, पाटी वाचून हसत ताटकळत होते. गाड्या माझ्या, ड्रायव्हर माझे, डिझेलचा वास मारणारा सदरा माझा, आणि वाहवा त्याची. सेठजींनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी दोनदा पाटीजवळचा खडू खिशात घातला. साठी उलटलेला माणूस, खडू चोरतो. तिसऱ्या दिवशी बघतो तर साडभाऊच्या खिशात खडूची अख्खी डबी. कुणी नेला, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळ मात्र माझी होती. पार्क बंद होतं तेव्हा सगळे एकदम बाहेर निघतात, अगदी शिफ्ट सुटल्यासारखे. हे त्याला येत नव्हतं. मी पाच वाजताच बॅटरीच्या गाड्या चार्जिंगला लावून ठेवायचो. दोन बस गेटवर एकामागं एक आणि तिसरी मुद्दाम मागे, तळ्याच्या थांब्यावर. कारण तळ्याकडचे लोक नेहमी शेवटी उठतात, त्यात म्हातारे जास्त, आणि गेटच्या गर्दीत त्यांना कुणी चढू देत नाही. ती तिसरी बस मागे ठेवायची युक्ती माझी. पण जे काम नीट होतं ते कुणाला दिसत नाही. माठ दिसतो, बाकडं दिसतं. मागे राहिलेली बस कुणाला दिसते?

मे महिन्यातला शेवटचा रविवार होता. त्या दिवशी संध्याकाळचं काम सेठजी स्वतः उभे राहून बघणार आणि मग जागा कुणाची ते ठरवणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सकाळी उठलो तर बायको नवी साडी नेसून तयार. म्हणाली, धाकट्या जावयानं सगळ्यांना पार्कात बोलावलं आहे, बाबाही येऊन राहिले. बाबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणतो. हथखोजच्या एका कारखान्यात ते टाइम ऑफिसात होते, गेटवर हजेरीची कार्डं बघायचे, एकाचं कार्ड दुसऱ्यानं मारलं तर पकडायचे. पार्क आमच्या दोघांचं, आणि बोलावणं मात्र त्याचं. मला विचारलंसुद्धा नाही. चहा न पिताच निघालो.

दिवसभर मी त्यांना लांबून पाहत होतो. दुपारी मामाजी डोक्यावर पार्कची टोपी घालून बॅटरीच्या गाडीत बसून आले. सेठजी समोर होते. मामाजींनी साडभाऊच्या खांद्यावर हात ठेवला आणि सेठजींना म्हणाले, हा आमचा जवाई. मी दहा पावलांवर उभा होतो. खाकीतला.

त्या दिवशी पाच वाजता मी बॅटरीच्या गाड्या चार्जिंगला लावल्या नाहीत. विसरलो नाही, लावल्या नाहीत. सहाला माझी ड्यूटी संपे. लोकांना बाहेर काढण्याचा शेवटचा तास सांभाळायला माझा एक जुना ड्रायव्हर येई, त्याच्या हातात वॉकीटॉकी देऊन मी निघायचो. सहा वाजले, तो आला नाही. फोन केला तर गाडी पंक्चर, अर्धा तास लागेल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी वॉकीटॉकी खिळ्याला अडकवली, रजिस्टरवर सही केली आणि स्कूटर काढली. तिसऱ्या बसला मागे थांबायला कुणी सांगणार नाही, हे मला माहीत होतं. होऊ दे, म्हटलं. बघू याचे माठ आणि बाकडी किती लोकांना घरी पोचवतात.

कुरुदच्या वळणावर टपरीत चहा घेतला. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला. अर्धा कप झाला असेल, बायकोचा फोन.

"बाबा तळ्यावर बसून राह्यले," ती म्हणाली. "आम्ही पुढं आलो, ते म्हणाले, गर्दीत माझा गुडघा चालत नाही. तिथं मोठ्या जवायाची बस थांबते, मी त्याच बसनं येतो. तुमची बस कावून नाही थांबली?"

कप तसाच ठेवला. माझ्या मागे राहणाऱ्या बसची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आजवर एकाच माणसाला ती दिसली होती, आणि तोच आता तिची वाट बघत होता.

परत पोचलो तर गेटवर जत्रा. तिन्ही बस मैदानाच्या रस्त्यावर एकमेकींत अडकलेल्या, बॅटरीच्या गाड्या मेलेल्या. साडभाऊ दिसेना. सेठजी एकटेच उभे, कपाळावर आठ्या. माझा जुना ड्रायव्हर नुकताच पोचला होता, तो हातवारे करत बस मोकळ्या करत होता. इतक्यात आतून घंटा वाजली. लेकरांची झुकझुक गाडी तळ्याला वळसा घालून गेटजवळ येत होती. इंजिनावर साडभाऊ, पांढरा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मागे हत्ती-घोडे रंगवलेले इवलेसे डबे आणि त्यात तळ्यावरचे सगळे म्हातारे-म्हाताऱ्या, गुडघे हनुवटीला लावून बसलेले. हत्तीच्या डब्यात मामाजी, टोपी तशीच. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, मोबाइलवर शूटिंग करत होते.

खरं सांगतो, त्या क्षणीही मला आधी लाज नाही वाटली. आधी जळलो. मी केलेल्या घाणीतूनही यानं वाहवाच उचलली.

गाडी थांबली. सेठजींनी विचारलं, शाम को ड्यूटी पे कौन था? मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं.

"रिलीव्हर आला होता काय?"

इंजिनावरून उतरता उतरता साडभाऊ म्हणाला, "आला होता, मामाजी. मीच होतो. साडभाऊले मीच म्हटलं, तुम्ही जा."

सेठजींचं समाधान झालं. ते त्याला जरा रागावले आणि मग झुकझुक गाडीवरून हसलेही. गर्दी पांगली. मी मामाजींना हात दिला, ते हत्तीच्या डब्यातून निघाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन मैदानाकडे चालायला लागले. गुडघा दुखत होता, त्यामुळे सावकाश. बाकीचे पुढे गेल्यावर ते बोलले.

"तीस वर्षं टाइम ऑफिसात गेले माझे, जवाईबुवा. कोण कोणाचं कार्ड मारते, ते मले तोंड पाहूनच समजे." दोन पावलं गेले. "आज तुमचं कार्ड धाकट्यानं मारलं."

मग गाडीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

रात्रभर विचार केला आणि सोमवारी सकाळी सेठजींकडे गेलो. सांगितलं, की रिलीव्हर आला नव्हता, मी जागा सोडून गेलो, गाड्याही मीच चार्जिंगला लावल्या नाहीत. ते म्हणाले, तुमच्या साडूनं कालच मला सांगितलं होतं, की ही जागा मोठ्यांना द्या, संध्याकाळ फक्त त्यांनाच जमते.

जागा साडभाऊला मिळाली. जुनवानीला पंगतीत ती बातमी सांगितली गेली आणि नळी नेहमीप्रमाणे त्याच्या ताटात गेली. सेठजींनी मला काढलं नाही, तेही कुणाच्या शब्दावर ते मी विचारलं नाही.

आता तिसरी बस रोज तळ्यावर थांबते. पाटीवर तसं लिहिलेलंही असतं, साडभाऊनं लिहायला लावलं. मी तिच्याजवळ उभा राहतो. रिलीव्हरला उशीर झाला तर साहेब झालेला साडभाऊ स्वतः चालत येतो, शर्ट कडक, हात पुढे करतो आणि म्हणतो, साडभाऊ, जा आता. माझ्या पोटात दुखतं. मी वॉकीटॉकी त्याच्या हातात देतो आणि मगच निघतो.