झाकून ठेवलेला डोळा

माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या डोळ्याभोवती जन्मापासून मऊ सूज होती. सर्दी झाली की ती फुगायची, सर्दी गेली की ओसरायची. घरात हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी दहा वर्षांची, आणि नसत्या चौकशांत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

ते लढाईचे दिवस. आम्ही कोपरगावजवळच्या एका खेड्यात राहायचो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दृष्टबिष्ट सगळं थोतांड, असं ते रविवारी प्रार्थनेला ठणकावून सांगत. घरी मात्र दृष्ट लागू नये म्हणून आई बहिणीची कुंची त्या डोळ्यावर ओढून ठेवी आणि मास्तर दुसरीकडे बघत. अशी दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी सूज जांभळी पडलेली दिसली. आईचा धीर सुटला. आम्ही नगरला मिशनच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई गाठ चाचपत असताना मी न विचारता सर्दीचं सांगून टाकलं. वडिलांनी डोळे वटारले, पण बाई म्हणाल्या, "बोलू द्या तिला."

गाठीत रक्त उतरलंय, ते आपोआप जिरेल. ही जन्मतःची गाठ आहे, जिवाला धोका नाही, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी बाजूला काढून ठेवलेली, एकीकडे ओढून सैल झालेली कुंची उचलून बघितली. "पण डोळा तुम्ही झाकून ठेवलात. झाकलेला डोळा बघायला शिकत नाही. आता पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधा, रोज थोडा वेळ. हा उघडा राहू दे."

आईचा चेहरा उतरला. परतताना ती एवढंच म्हणाली, "माज्याच हातानं घालवला की गं डोळा."

पण पट्टी तिनं एक दिवसही चुकवली नाही. बाजारात एका बाईनं विचारलं, "पट्टीचा डोळा दुकतोय व्हय?"

"न्हाई, त्यो चांगला हाय. ह्यो शिकतोय."

मला तिचा फार अभिमान वाटला.

खरंच शिकतोय का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. काही महिन्यांनी मी आईला आणि शेजारणीला अंगणाच्या टोकाला उभं केलं. बोलायचं नाही, असं बजावलं. आवाजावरून ओळख पटू नये म्हणून आईनं बांगड्या मुठीत घट्ट धरल्या. बहिणीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. मी तिला सोडलं. ती थबकली, मान वाकडी करून दोघींकडे बघितलं आणि सरळ आईला येऊन बिलगली.

आई घळाघळा रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "आमाला जागा बदलू दे. पुन्यांदा सोड तिला."