न रडलेली लेकरं

एखादी नवी पद्धत दवाखान्यात का रुजत नाही, हे विचारत फिरणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही, समाजशास्त्र शिकलेली. म्हणजे कोपऱ्यात उभं राहायचं, बघायचं आणि लिहायचं. माहेर चिखलीचं, बोली समजते, म्हणून बुलढाणा जिल्ह्यातली केंद्रं संस्थेनं माझ्याकडे दिली.

रोहिणखेडच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात मी सव्वा महिना होते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडावर मास्क धरून, रबरी पिशवी दाबून पहिल्या मिनिटातच श्वास द्यायचा, अशी पद्धत तिथं आली होती. प्रशिक्षण झालं होतं. पिशवी मात्र प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कपाटात, आणि किल्ली थोरल्या सिस्टरच्या कमरेला. सगळे त्यांना मावशी म्हणायचे.

"मावशींना नवीन काही नको असतं," तिथले तरुण डॉक्टर म्हणाले. "रिटायरमेंटला आल्यात. मी सांगून थकलो."

मी वहीत लिहिलं : ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा विरोध. असं वाक्य लिहिलं की काम पुढे सरकल्यासारखं वाटतं.

एका दुपारी डॉक्टर मीटिंगला गेले होते आणि बाळंतपण अचानक उरकलं. मी दाराशी उभी. मुलगी झाली होती, निळसर, ओल्या फडक्यासारखी लुळी. मावशींनी तिला पुसलं, पाठ चोळली. ती रडेना. धाकटी सिस्टर माझ्याकडेच बघायला लागली, जणू मला काही येत होतं. मावशींनी नाळेच्या बुडाशी बोट ठेवलं.

"हाये," त्या म्हणाल्या. "धडधड हाये." आणि किल्ली धाकटीकडे फेकली. "कपाट उघड."

त्यांनी वेष्टन दातांनी फाडलं. मास्क बसवला, पिशवी दाबली. एवढीशी छाती वर आली, खाली गेली. मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला, आणि मग ती रडली. प्रशिक्षणातलं सगळं मावशींना येत होतं. एकही पायरी चुकली नाही.

बाहेर बाळाच्या आजीनं बत्तासे वाटले. मावशींनी घेतले नाहीत. त्या मागच्या नळावर हात धूत बसल्या होत्या, धुऊन झालेले हात पुन्हा. दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला.

आठवडा झाला तरी त्या आल्या नाहीत, तेव्हा मी पिंपळगाव राजाला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. मी अभिनंदन केलं.

"मॅडम, ट्रेनिंगमधी शिकवलं का नाळेले बोट लावून पाहा. धडधड लागली तं लेकरू जित्तं आहे, फक्त श्वास घेऊन नाही राह्यलं. मी इतकी वर्षं बोटच लावलं नाही." त्यांनी पातेल्यात साखर टाकली. "पाय धरून उलटं करायचं, दोन चापट्या मारायच्या, पाणी शिंपडायचं. नाही रडलं तं फडक्यात गुंडाळून बापाच्या हाती द्यायचं. मेलेलंच जन्मलं म्हणून सांगायचं."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मावशी. तुमची चूक नव्हती."

"ते मले समजते. पण समजून काय होते?"

चहा उतू गेला. त्यांनी ओटा पुसला आणि पुसत पुसतच सांगत राहिल्या. आठवडी बाजारात एक बाई वांगी विकते. तिचं पहिलं लेकरू यांच्याच हातावर, न रडलेलं. ती दर वेळी मूठभर वांगी यांच्या थैलीत जास्तीची टाकते. सिस्टर, तुमच्यामुळं मी तरी वाचली, म्हणते.

"मी वांगी घेते. घरी आणते. खाववत नाहीत," मावशी म्हणाल्या. "पिशवी कपाटात होती तवरी मले वाटे, हे काही कामाचं नसन. त्या दिवशी ते लेकरू रडलं ना बाई, तं बाकीचे सगळे उठून बसले."

"बाई" त्या मला पहिल्यांदाच म्हणाल्या.

तिथून मी चिखलीला आईकडे गेले. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. "रडलाच नाही," एवढंच आमच्या घरात त्याच्याबद्दल बोललं जायचं. लहानपणापासून ते वाक्य ऐकत आले, पण ते एखाद्या दवाखान्यात, कुणाच्या तरी हातात घडलं असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. आई मेथी निवडत होती. मी विचारलं, "तुझा पहिला कसा होता गं?"

"काऊन? आज काऊन आठवला तुले?"

"असंच."

"गोरा होता. मांडीवर दिला तं अंग गरम होतं अजून."

नुकत्या जन्मलेल्या बाळाचं अंग गरमच असतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवसापासून मला तो मुलगा दिसतो, आणि त्याच्या नाळेला कुणाचंही बोट लागत नाही.

मावशी कामावर परतल्या. पिशवी त्यांनी प्रसूतीच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगली आणि धाकटीकडून बाहुलीवर रोज सराव करून घेतला. रिटायर होईपर्यंत त्यांनी ती कपाटात जाऊ दिली नाही. माझ्या अहवालात विरोधाच्या कारणांचा रकाना होता : साधनं नाहीत, प्रशिक्षण नाही, अनास्था, इतर. मी "इतर"मध्ये दोन पानं लिहिली. पुण्याच्या वरिष्ठ मॅडमनी ती वाचली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरं असेल गं, पण मांडायचं कुठे?" मी ती काढून टाकली.

गेल्या पावसाळ्यात मी चिखलीला असताना आईनं फोनवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा दवाखान्यात न रडणाऱ्या बाळाला पिशवीनं श्वास देत होते, आणि ते रडायला लागलं.

"असंबी करते का?" तिनं मला विचारलं.

"हो. आता करतात."

तिनं तो व्हिडिओ पहिल्यापासून पुन्हा लावला. मग म्हणाली, "चांगलं आहे," आणि मला जेवायला काय करू ते विचारलं.