तात्यांनी आपल्या नावावर घेतलेला बार

सुमतीकाकींचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. काकी म्हणजे आमच्या गणपततात्यांची बायको. त्यांना फोन लावता येत नाही. तात्या गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, ओटीवर रडारड चाललेली, आणि त्यातून उठून काकींनी शेजारणीकडून मला इकडे आयर्लंडला फोन लावून घेतला. "तुला मीच कळवायचं होतं," म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडनं कळलं असतं तर तुझ्या डोक्यात नाय नाय ते आलं असतं." काकी मला ओळखतात. तात्या माडाच्या बुंध्याशी बसले आणि बसल्या जागी गेले, एवढंच त्यांनी सांगितलं... आणि खरं सांगायचं तर तेवढ्यातसुद्धा माझ्या डोक्यात नाही नाही ते आलंच. काकींचा माझ्यावरचा दुसरा उपकार त्यानंतर काही आठवड्यांनी झाला. वाडीत कुणीही मला जी गोष्ट सांगितली नसती, ती त्यांनी सांगितली. ती सांगण्यासाठी हा लेख. आठवीत शाळा सुटली, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

गणपततात्या माझे रक्ताचे कुणी नव्हेत. लांज्याहून देवरूखच्या अंगाला आत शिरलं की आमची वाडी, आणि वाडीत आमच्या घराच्या वरच्या बाजूला त्यांचं घर. माझे वडील लवकर गेले, तेव्हा आमच्या काजूच्या बागेला कुंपण घालण्यापासून आईला दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं तात्यांनी बघितलं. त्यांच्याकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीतून दारू घालायची, गजाने ठासायची, वर शिशाची गोळी. भातात डुकरं उतरली की तात्या हवेत बार काढायचे आणि खालच्या वाडीपर्यंत कुत्री भुंकायची. लोक म्हणायचे, तात्यांच्या बंदुकीने डुकरं कमी आणि म्हातारे जास्त दचकतात. त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हातारे दचकतायत म्हणजे जिवंत हायत. बरंच हाय की."

त्यांच्या तरुणपणी गावाची पारध निघायची. पारधीचा एक नियम ते मला पुन्हा पुन्हा सांगत. पहिला बार ज्याचा, जनावर त्याचं. मागून कुणी दहा बार घालू दे. आणि ज्याच्या हद्दीत जनावर पडेल त्याचा एक वाटा. हक्क सांगायचा तर लगेच, जनावराजवळ उभं राहून, सगळ्यांच्या देखत सांगायचा, "बार माझा." एकदा सांगितलं की त्यावर कुणी वाद घालायचा नाही. पारधी बंद झाल्या, कायदे आले, ते बरंच झालं असं तात्याही म्हणत. पण तो नियम त्यांच्या हाडात राहिला होता.

मी परदेशी जायच्या खटपटीत होतो तेव्हाची गोष्ट. पासपोर्टसाठी पोलिसांची पडताळणी व्हायची होती, मस्कतच्या मटणाच्या दुकानातलं काम ठरत आलं होतं. एका संध्याकाळी सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, येत असताना एक जीप थांबली. आतल्या माणसांनी विचारलं, देवरूखकडे कुठून निघायचं? आमच्याकडे फाट्यावर पाटी नव्हती, बाहेरचा माणूस हमखास चुकायचा. मी पुढे बसून फाट्यापर्यंत गेलो, वाट दाखवली आणि चालत परत आलो. झालं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या काजूत, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला, सांबराची मादी मरून पडलेली सापडली.

वनखात्याची माणसं जेवणवेळेच्या आत हजर. कुणी कळवलं ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी वाडीतल्या प्रत्येकावर एकेकदा तरी संशय घेऊन झालेला आहे. जमीन आमची, म्हणून पहिला प्रश्न मला. काल संध्याकाळी कुठे होतास? जीपचं सांगावं तर त्यांचा साथीदार ठरणार, न सांगावं तर लपवतो ठरणार. आई काजूच्या कडेला उभी राहून नुसती बघत होती. साहेब म्हणाले, "गाडीत बसा, चौकशी तिकडे करू." एवढ्यात वरच्या बांधावरून तात्या उतरले. खांद्यावर पंचा, पायात काही नाही. जनावराजवळ उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बार माझा. डुकराच्या अंदाजाने टाकला. ह्या पोराला ठाऊकपण नाय."

बंदूक गेली, परवाना गेला, तात्या आत जाऊन जामिनावर बाहेर आले. लांज्याला तारखा पडत राहिल्या आणि तात्या मरेपर्यंत त्या खटल्याचा निकाल लागला नाही. माझी पडताळणी मात्र स्वच्छ झाली. मी निघालो तेव्हा तात्या एसटीपर्यंत पोचवायला आले. मी पाया पडलो. उपकार वाटत होतेच, पण त्याच्या तळाशी दुसरंही काही होतं, ते आज लिहितो. मला वाटत होतं, यांनीच मारलं आणि आमच्या काजूत पडू दिलं. पकडायला माणसं आल्यावर लाज वाटली म्हणून पुढे झाले. म्हणजे मला वाचवलं ते त्यांनीच खणलेल्या खड्ड्यातून. एसटी सुटली तेव्हा ते हात हलवत होते आणि मी मनात हिशेब मांडत होतो, की या माणसाचे आभार मानायचे की नाही...

मस्कतमध्ये काही वर्षं काढून मी इकडे आलो. इथल्या कारखान्यात हरणांचं मांस तयार होतं. इथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरणं मारतात, कारण ती फार वाढली की झाडं राहत नाहीत. मारलेली हरणं आमच्याकडे येतात, मी सोलतो, साफ करतो. शेजारच्या टेबलावर ब्रेंडन नावाचा माणूस, स्वतः शिकारी. त्याने मला जखमा वाचायला शिकवल्या. सुरुवातीला तो एवढं का शिकवतो याचाही मला संशय आला होता. नंतर कळलं, त्याला बोलायला कुणी हवं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रायफलचा आकडा, म्हणजे गोळीचं माप, मोठा तर जखम मोठी. तसं नाही. इथे पुष्कळ जण दोनशे त्रेचाळीस नंबरची रायफल वापरतात. गोळी बारीक, हलकी, पण वेग भयंकर. लांबून बरगडीत बसली तर काम नीट. जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर ती आतच फुटते आणि अख्खा खांदा काळानिळा, टाकून द्यावा लागतो. तीनशे आठची गोळी जाड आणि जड, वेग जरा कमी. आत शिरते, फुलते, पलीकडून निघते. मांस त्या मानाने कमी वाया जातं, आणि मोठ्या नराला तीच बरी असं ब्रेंडनचं मत. साडेसहा मिलिमीटरची गोळी लांबोडी, ती फार गाजावाजा न करता आरपार जाते. मला सोलायला तिचं हरीण आवडतं. मॅग्नमवाल्यांचं, म्हणजे जादा दारूची काडतुसं वापरणाऱ्यांचं, आलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. ब्रेंडन म्हणतो, "हा हरीण मारायला गेला होता की रणगाडा?" पण सगळ्या रायफलींत एक गोष्ट सारखी. गोळी शिरते तिथे भोक लहान, बोटाचं टोक जाईल एवढं. निघते तिथे फाटलेलं, कधी मूठ जाईल एवढं.

एका दुपारी लाल हरणाची एक मोठी मादी टेबलावर आली. तीनशे आठचं काम. डाव्या खांद्यामागे बारीक भोक, उजवीकडे मोठी फाटलेली जागा. सुरी लावणार तोच हात थांबला. हे मी आधी पाहिलं होतं. आमच्या काजूत. पंचनाम्याच्या वेळी सांबर उलटवायला मला हात लावायला सांगितलं होतं, आणि ते बारीक भोक आणि दुसऱ्या अंगाचं भगदाड मी जवळून पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. ठासणीच्या बंदुकीची गोळी म्हणजे सुपारीएवढं शिसं, वेग बेताचा. शिरते तिथेच मोठं गोल भोक पाडते, आणि सांबरासारख्या थोराड जनावरात बहुतेक आतच अडकून बसते. तात्यांच्या बंदुकीने ती जखम होणं शक्य नव्हतं. तिथल्या साहेबांना ते दिसलं नसेल का? दिसलंही असेल. पण कबुली हातात आल्यावर भोक कोण मोजत बसतो.

म्हणजे तात्यांनी मारलं नव्हतं. माझा जुना संशय गेला आणि त्या जागी नवा आला. मग कुणासाठी? त्यांचा एक भाचा मुंबईला असतो, त्याच्यासाठी? जीपवाल्यांशी त्यांचं काही ठरलं होतं? मी फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "तात्या, ते सांबर तुमच्या बंदुकीचं नव्हतं. मला आता कळतं त्यातलं."

तात्या म्हणाले, "तुला आता काय सगळंच कळतं, मोठा साहेब झालास."

"मस्करी नको तात्या. रायफलचं होतं ते. तुम्हाला बघताक्षणीच कळलं असणार."

"कशाला उकरतोयस ते? झालं, गेलं. तू बरा हायस ना तिकडं? मग झालं तर. थंडीचं कानाला बांधत जा." आणि फोन ठेवला.

त्यांनी विषय टाळला तो टाळला, पण ज्या मायेने टाळला तिचाच मला संशय आला. माणूस इतकं गोड कधी बोलतो? काहीतरी झाकायचं असतं तेव्हा. त्यानंतर आम्ही बोललो ते सणासुदीला, वरवरचं. आणि मग काकींचा तो फोन.

कार्य वगैरे आटोपल्यावर मी काकींशी पुन्हा बोललो. शेजारणीने व्हिडिओ लावून दिला होता. मागे भिंतीवर बंदुकीच्या दोन लाकडी खुंट्या दिसत होत्या, त्यांवर काकींनी सूप अडकवलेलं. मी विचारलं, "काकी, तात्यांनी ते कुणासाठी अंगावर घेतलं?"

काकी हसल्याच. "आता मला विचारतोस? तुझ्यासाठी रे."

"ते ठाऊक आहे. मला नेत होते म्हणून. पण मारलं कुणी?"

"म्हणजे तूच न्हेलंस ना त्या जीपवाल्यांना," काकी म्हणाल्या, अगदी सहज, पाणी आणलंस ना म्हणावं तसं. "ह्यांनी सड्यावर बघितलानी तुला. जीपमध्ये पुढं बसलेला. सकाळी जनावर बघून घरी आले, मला म्हणाले, रायफलचं हाय, पोराने वाट दाखवलान. आईचा एकुलता हाय, कागद खराब झाले तर हितंच कुजंल. पंचा उचलला नि गेले."

काकीच पुढे म्हणाल्या, "तू मागं फोन केलास ना, सांबराचा? तो ठेवल्यावर कितीतरी वेळ बसून राहिले. म्हणाले, पोराला आता कबूल करायचंय बहुतेक. कशाला करायला लावू त्याला?"

इतकी वर्षं मी तात्यांवर संशय घेत होतो, आणि तेवढीच वर्षं त्यांना माझ्याबद्दल खात्री होती. फरक इतकाच, की मी संशय घेऊन लांब राहिलो आणि त्यांनी खात्री असूनही बार आपल्या नावावर घेतला. मी काकींना सांगितलं, "काकी, मी फक्त फाट्यापर्यंतची वाट दाखवली. शिकारीला आलेत हे मला माहीत नव्हतं. आईशप्पथ."

"होय रे," काकी म्हणाल्या. "असंल."

त्या 'असंल'वर मी अजून अडकलो आहे. त्यांचा विश्वास बसला की म्हातारीने मला सोडून दिलं, सांगता येत नाही. ते जीपवालेच पुन्हा मागे वळले आणि त्यांनीच मारलं का, हेसुद्धा मला सांगता येत नाही. तात्यांना तर आता काहीच सांगता येत नाही. मी विचारलं, "तुम्हाला माझा राग नाही आला कधी?" काकी म्हणाल्या, "राग काय धरायचा? बंदूक गेल्यापासून डुकरं भात ठेवत नाहीत, तेवढं दर साली आठवतं. ह्यावर्षी तर ह्येपण नाहीत डबा बडवून डुकरं हाकलायला."

मला सुट्टी साठवता येते. ज्या साली भात पोटरीला यायच्या, कणसं फुटायच्या वेळी सुट्टी जमेल, त्या साली मी येणार आहे आणि कापणी होईपर्यंत काकींच्या खाचराची राखण मी करणार आहे. बंदूक नसेल. डबा असेल, आणि मी. काकींनी माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते त्यांनी त्यानंतर ठरवावं.