रोलमधला बारावा फोटो

मनोहरभाऊंच्या कुंदाचा फोन आला तेव्हा मी नातवाच्या डब्यातला उरलेला पराठा खात होते. "मावशी, बाबा गेले," ती म्हणाली. मी काहीतरी बोलले, फोन ठेवला, आणि मनात आलेला पहिला विचार असा होता... चला, आता कुणालाच माहीत नाही. डोळ्यांत पाणी त्यानंतर आलं. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं, तो गेल्यावर मला आधी सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि गेले दीड महिने ते मला सोडत नाहीये.

मनोहरभाऊंचा स्टुडिओ लकडगंजात होता, आरामशीनच्या शेजारी. दिवसभर लाकूड कापलं जायचं आणि भुसा उडून स्टुडिओत यायचा. खिडकीतून दुपारचं ऊन आलं की त्या भुशामुळे उजेडाचा पट्टा चक्क हातात धरता येईल असा दिसे. सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, मामानं दिलेला वरून डोकावून बघायचा कॅमेरा गळ्यात, आणि आपण जन्मजात कलावंत असल्याची पक्की खात्री. वडिलांनी मला भाऊंकडे नेलं. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, स्टुडिओमागच्या दोन खोल्यांत राहतात हे आधी बघून घेतलं, मगच शिकायला परवानगी दिली.

भाऊंनी पहिला महिना मला फक्त भिंगावरचा भुसा पुसायला लावला. मग एका स्टुलावर एक सीताफळ ठेवलं आणि म्हणाले, "आठ दिवस हेच पाह्य. उजेड कसा सरकते, याचा रंग कसा पालटते, थे पाह्य. कॅमेऱ्याले हात लावू नको." ते स्वतः रोज एकाच वेळी त्याचा एक फोटो घेत. पाचव्या दिवशी सीताफळ असं काही पिकलं, की डोळे फुटून आतलं पांढरं दिसायला लागलं. कलावंत बाईंनी उजेडाचा फार अभ्यास केला आणि खाऊन टाकलं.

"काहून वं सिंधू, सीताफळ कुठी गेलं?"

"भाऊ... ते... खराब होत होतं."

"बिया टाकल्या काय?"

"नाही. वाटीत आहेत."

"आन मंग इकडे."

रागावले नाहीत. मी थुंकलेल्या बिया आणि फाटकी साल त्यांनी होती तशीच स्टुलावर ठेवली आणि सहावा फोटो काढला. त्या काळ्याभोर बियांवरची चमक... तो फोटो पुढे कायम त्यांच्या खोलीत होता. वहिनी मला चिडवायच्या, "तुझ्या उष्ट्यालेच फ्रेम केली वं बाई यायनं!"

हिवाळ्यात रामटेकला गेलो. भाऊ, वहिनी, तीन वर्षांची कुंदा आणि मी. प्रवासात फोटो काढायचा भाऊंचा एक नियम होता. रोलमध्ये बारा फोटो. अकरा जाताना काढा, बारावा परतीसाठी राखून ठेवा. "जातानी माणूस देवाकडं पाह्यते, येतानी माणसाकडं," असं ते म्हणत. मी गडावर पोचायच्या आत अकरा फोटो माकडांवर उडवले. "एवढी माकडं काहाले काढून राहिली? घरी आरसा नाही काय?" भाऊ म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला. त्यात नवे सँडल चावत होते. उतरताना मी पायरीवर बसून फोडाकडे बघत रडकुंडीला आले होते, आणि भाऊंनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. चार पायऱ्या खाली एक म्हातारी बसली होती. तिचा म्हातारा वाकून, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन काटा काढत होता. ती मात्र दुसरीकडेच बघत होती, लाजून. खट्‌. "बारावा याच्यासाठी ठेवा लागते," म्हणून भाऊंनी कॅमेरा परत माझ्या गळ्यात घातला.

तो फोटो मी शहरातल्या एका प्रदर्शनात माझ्या नावानं पाठवला. कॅमेरा माझा, रोल माझा, मग फोटो कुणाचा? असा माझा बिनतोड हिशेब होता. पहिलं बक्षीस मिळालं. भाऊ बघायला आले. पांढरा बुशशर्ट, हात मागे बांधलेले. त्या फोटोपुढे किती वेळ उभे होते देव जाणे. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. वळले आणि म्हणाले, "वरून थोडा कापला असता, तं अजून चांगला दिसला असता. पुढचा रोल कवा?"

पुढचा रोल आलाच नाही. मी स्टुडिओत जाणं बंद केलं. त्याच फोटोची बातमी वाचून सासऱ्यांनी मला पसंत केलं होतं. "केवढी हळुवार नजर आहे मुलीची!" हळुवार नजर त्या वेळी स्वतःच्या फोडाकडे होती. लग्नात फोटो काढायला भाऊच होते. गृहप्रवेशाचे फोटो काढायला ते सासरीही आले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बैठकीत नेऊन भिंतीवर लावलेला रामटेकचा तो फोटो दाखवला. "आमच्या सूनबाईंनी काढलाय." भाऊ म्हणाले, "हो. पाह्यला म्या." मी दारात हिरव्या चुड्यासकट उभी होते... तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी धीर करून भाऊंकडे गेले. वहिनी वारल्या होत्या, भाऊंना फारसं दिसत नव्हतं. मी सुरुवात केली, "भाऊ, तो रामटेकचा फोटो..." ते म्हणाले, "चहा घे वं, थंडा होऊन राहिला." मी चहा घेतला. मला तेवढंच निमित्त हवं होतं.

तेराव्याला कुंदानं बियांचा तो फोटो माझ्या हातात ठेवला. "बाबांनी तुला द्यायला सांगितला होता." घरी येऊन काच पुसली आणि मागची धूळ झटकायला उलटा केला. मागे पेन्सिलीनं भाऊंचं अक्षर : 'सीताफळ. मांडणी – सिंधू.'

मी नुसतं खाल्लं होतं. त्यांनी तेवढ्याचंही श्रेय माझ्या नावावर लिहून ठेवलं.

मग मी स्टुलावर चढले. सून ओरडलीच, "आई, पडाल!" बैठकीतला रामटेक खाली उतरवला, नातवाची पेन्सिल घेतली आणि मागे लिहिलं, 'फोटो – मनोहरभाऊ.' परत टांगला, आणि लक्षात आलं, की ही अक्षरं तर भिंतीकडे तोंड करून राहणार. पन्नास वर्षं मीही तशीच उभी होते... म्हणून हे इथे लिहिलं, सगळ्यांना वाचता येईल असं.