आजीची सात वर्षं

आईनं वृद्धाश्रमात राहायचं ठरवलं, तेव्हा मला तिच्या गुडघ्यांपेक्षा माळशिरसकडच्या भावकीची काळजी जास्त लागली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला, आई दिवसभर एकटी. होटगी रस्त्यावरचा तो आश्रम तिनं शेजारणीबरोबर जाऊन स्वतःच पाहिला, आवडला म्हणाली आणि बोचकं बांधलं.

गावात वृद्धाश्रम म्हणजे पोटच्या पोरांनी टाकलेल्यांची जागा. आमच्याकडं म्हातारं माणूस घराबाहेर पडायचं ते तिरडीवरच, आणि त्याचा सगळ्यांना मोठेपणा वाटायचा. म्हणून मी ठोकून दिलं, आई दवाखान्यात आहे. थाप मारताना ती किती दिवस पुरेल ते माणसानं बघावं. मी बघितलं नाही. दीड वर्ष दवाखान्यात असलेलं माणूस गावाच्या मते आता चार दिवसांचाच सोबती.

एका रविवारी जीप भरून भावकी दारात उतरली. शहाळी, केळी, बिस्किटांचे पुडे. चुलत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकांनी तर जिन्यातच डोळ्यांना पदर लावले होते. आता कुठल्या दवाखान्यात नेणार? मी सगळं कबूल केलं. चुलते खाली जाऊन जीपमध्ये बसले. मीही मागं जाऊन बसलो.

आई आश्रमाच्या फाटकाशी शेळीची धार काढत होती. तिथं दोन शेळ्या आल्या त्या तिच्याच हट्टानं. जी माणसं रडायच्या तयारीनं आली होती, त्यांना काय करावं कळेना. आईनं सगळ्यांना बसायला सांगितलं, धार पुरी केली आणि मगच उठली.

चुलते बसलेच नाहीत. आजच गावाला न्यायचं, असं त्यांनी सांगितलं. आमची आजी, म्हणजे त्यांची आई, सात वर्षं अंथरुणाला खिळून होती, तरी तिला घराबाहेर काढलं नाही. आमच्या घराण्यात ही रीतच नाही. आजीची ही सात वर्षं आमचं भूषण होती. मीही ऑफिसात ती कितीदा ऐकवली होती.

आईनं पदराला हात पुसले. तिचा आवाज चढला नव्हता.

“भावजी, सासूला सांबाळलं, खरं हाय. पर कुनी? तुमी दोगं भाऊ मेंढरं घेऊन सा-सा म्हैने रानात. हागनं-मुतनं मी काढलं, कूस मी बदलली. माजा बाप गेला तवा मला दोन दिस म्हायेरी ऱ्हाता आलं न्हाय, की मागं तिला बगायला कोन न्हाय. मी कुरकुर केली न्हाय. पर माज्या सुनंवर ती पाळी यायची न्हाय.”

ज्या सात वर्षांवर आम्ही पुरुषांनी मिशांना पीळ दिला, ती हिची होती. मला लाज वाटली. पण खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटला. सगळ्या भावकीसमोर असं सरळ बोलणारी ही बाई माझी आई आहे, हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

माझे वडील वारलेले, त्यामुळं उत्तर द्यायचं ते चुलत्यांनाच.

“आय गेली त्या दिशी मी उशाला बसलो व्हतो,” ते म्हणाले. “हात माज्या हातात व्हता. पर हाक ती तुमालाच मारत व्हती, वैनी.”

आईनं दुधाचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

“मग तिच्यासाटी तरी ऐका,” ती म्हणाली. “मी हितं माज्या मनानं आलीया. गावात तसंच सांगा.”