सुपातले सहा भंगुर तारे

तारामासे, समुद्रकाकड्या, भंगुर तारे या काटेरी कातडीच्या समुद्रजीवांच्या गोतावळ्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि तीही मावळात, जिथं समुद्राचा वाससुद्धा येत नाही. कारण मला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई मळवलीच्या. त्यांनी कोकणातल्या एका लहानशा उपसागरातले जीव अभ्यासण्यात आयुष्य काढलं, आणि नमुन्यांच्या बाटल्या मळवलीच्या बंगल्यात ठेवल्या.

तिथले पहिले नमुने एका गोऱ्या अंमलदारानं वाळवून विलायतेला धाडले. नावं तिकडं ठरली. पुढं बाईंच्या गुरुजींनी कोळ्यांच्या जाळ्यांतले ताजे नमुने तपासून निम्मी नावं खोडली. एक भंगुर तारा तर इथला नव्हेच, साहेबाचा घोळ आहे, म्हणाले. बाईंना नेमका तोच एका ओहोटीला दगडाखाली सापडला. एकच. शोध छापण्याआधी त्यांना दुसरा हवा होता. तेवढ्यात तिथं भराव पडला, धक्का झाला. साहेब खरा होता हे सांगायला उरली ती एक बाटली.

आमच्यात चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत, स्पिरिटमध्येच ठेवतात. बाहेर चिकटवलेली मळवलीच्या पावसाळ्यात टिकत नाही. चिठ्ठीवर प्राणी कुठला, कधीचा, एवढंच. जात तो स्वतःच सांगतो.

बाई गेल्या. भाच्यानं बंगला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायचं ठरवलं. मी बाटल्या आणायला गेले, तर बंगला सांभाळणाऱ्या मावशींनी त्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"लय वास मारत व्हता, ताई. पाव्हणं येनार म्हनून सोड्यानं धुतल्या. तारं उनात वाळवलं, एक बी मोडू दिला न्हाई."

खरंच मोडला नव्हता. आणि भंगुर ताऱ्याचे हात नुसते धरले तरी तुटतात.

"आणि आतल्या चिठ्ठ्या?"

"भिजल्यालं कागद व्हतं, बंबात घातलं."

तुलनेसाठी बाईंनी इतर किनाऱ्यांवरून त्याच जातीचे पाच आणले होते. आता सुपात सहा होते, हुबेहूब. तीन पिढ्यांच्या कामाचं मुसळ केरात. रागवावं तर कुणावर? मी ओसरीवर बसून रडले.

मावशी चहा घेऊन आल्या. "रडताय कशापायी, ताई? समदं हाय की सुपात."

ते सहाही तळेगावात माझ्या टेबलावर आहेत. त्यातला एक त्या उपसागरातला आहे. कोणता, ते आता जगात कुणालाच सांगता येणार नाही.